युजेनॉल घ्यावं की आयसोयुजेनॉल?

घरच्या घरी परफ्यूम किंवा साबण करणाऱ्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. लवंगेचा गोडसर-तिखट वास हवा असतो आणि सुगंधी रसायनांच्या यादीत ही दोन नावं एकाखाली एक दिसतात. दोन्ही सारखीच असतील असं समजून एक मागवलं, की पुढे साबण तरी बिघडतो नाहीतर कातडी तरी.

रेणुसूत्र दोघांचं एकच. फरक एवढाच, की बाजूच्या साखळीतला दुहेरी बंध आयसोयुजेनॉलमध्ये एक घर सरकून रेणूतल्या कार्बनच्या वलयाच्या शेजारी आलेला असतो. लवंगेच्या पानांच्या तेलात सुमारे ८० टक्के युजेनॉल असतं. ते वेगळं काढून तीव्र अल्कलीबरोबर तापवलं की आयसोयुजेनॉल बनतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच वाटेने पुढे जाऊन व्हॅनिलिनही करत असत, आणि आयसोयुजेनॉल हुंगताना व्हॅनिलाशी असलेलं हे नातं नाकाला लगेच कळतं.

दोन्हींचं अल्कोहोलमधलं १० टक्के द्रावण करा आणि कागदी पट्ट्यांवर शेजारी शेजारी हुंगा. युजेनॉल म्हणजे दुखऱ्या दाढेत धरलेला लवंगेच्या तेलाचा बोळा. टोकदार, औषधी, थेट. दातांच्या दवाखान्यात शिरताच येतो तो वासही याचाच, कारण तात्पुरतं सिमेंट झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल कालवूनच करतात. आयसोयुजेनॉल आधी दबकंच वाटतं. पाच-दहा मिनिटांनी परत हुंगलं की लवंग आहे, पण तिचा दवाखाना गेलेला असतो. उरतो तो मऊ, गोड, किंचित पावडरीसारखा आणि फुलाकडे झुकणारा वास. माझ्याकडच्या युजेनॉलच्या पट्टीत तिसऱ्या दिवशी फारसं काही उरलं नव्हतं, आयसोयुजेनॉलची मात्र आठवडा उलटला तरी ओळखू येत होती.

कार्नेशनचा वास बांधायचा असेल तर म्हणूनच आयसोयुजेनॉलला तोड नाही. आपल्याकडे पुण्याच्या आसपास पॉलिहाउसमध्ये होणाऱ्या कार्नेशनला वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे या फुलाचा लवंगी सुगंध आपल्यापैकी अनेकांना परफ्यूममधूनच माहीत असतो. कॅरॉनचं बेलोझिया (१९२७) आणि नीना रिचीचं लेर द्यू ताँ (१९४८) ही त्याची नावाजलेली उदाहरणं. थोडं आयसोयुजेनॉल, सोबत युजेनॉल, गुलाबासाठी फिनाइल इथाइल अल्कोहोल आणि खाली बेंझिल सॅलिसिलेट, एवढ्यावरही फूल उभं राहतं.

पण आता त्वचेचं बघा, कारण खरा निर्णय इथेच होतो. सुगंधाच्या ॲलर्जीसाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर जी पट्टी-चाचणी करतात, तिच्या पहिल्या मिश्रणातल्या आठ घटकांत ही दोन्ही आहेत. मात्र आयसोयुजेनॉल कितीतरी जास्त त्रासदायक. तोंडात वापरायची उत्पादनं सोडली तर युरोपात तयार मालात त्याची कमाल मर्यादा ०.०२ टक्के आहे. म्हणजे १०० ग्रॅम परफ्यूममध्ये फक्त २० मिलिग्रॅम, पुरता एक थेंबही नाही! म्हणून शुद्ध आयसोयुजेनॉल थेंबांनी मोजूच नका. १० टक्के द्रावण करून त्यातलं ०.२ ग्रॅम काट्यावर तोलून घ्या. इलँग-इलँग किंवा जायफळाचं तेल घालत असाल तर त्यातलं आयसोयुजेनॉलही याच हिशेबात धरा. शिवाय २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगकारक असू शकेल’ अशा २बी गटात टाकलं. युजेनॉललाही मर्यादा आहे, पण बरीच सैल.

साबणात मला दोन्हीही नकोत. कोल्ड प्रोसेसच्या (म्हणजे तेल आणि अल्कली न शिजवता केलेल्या साबणाच्या) एका घाण्यात मी युजेनॉल जरा सढळ हाताने घातलं होतं. चमचा चार वेळा फिरला नाही तोच बॅटर भांड्यातच आवळलं आणि साच्यात ओतण्याऐवजी थापावं लागलं. आयसोयुजेनॉल त्यावर रंगाचाही घोळ घालतं. अल्कली, हवा आणि उजेड मिळाला की पांढरी वडी तपकिरी होते, आणि जोडीला व्हॅनिलिन असेल तर विचारूच नका. हा रंग लवंग-दालचिनीच्या गडद साबणात चालेल, पण चंदनी किंवा दुधी वडीत नाही.

तेव्हा मसालेदार, लाकडी, पुरुषी वास करायचा असेल तर युजेनॉल घ्या. हात बसलेला नसेल तरीही तेच. फुलांचा परफ्यूम करायचा असेल आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा जवळ असेल तर आयसोयुजेनॉलची छोटी बाटली घ्या. ती गडद काचेची, काठोकाठ भरलेली आणि थंड जागी ठेवलेली असावी, लोखंडाचा स्पर्श टाळावा. फिकट साबण किंवा लोशन असेल तर दोन्ही सोडून मिथाइल आयसोयुजेनॉल बघा. त्याचा वास हलका आणि पसरट, आयसोयुजेनॉलची खोली त्याला नाही, पण रंग फारसा बदलत नाही.

ते मागवताना मात्र नाव अक्षर न अक्षर वाचून घ्या. ‘आयसो’ गळलं तर हातात येईल मिथाइल युजेनॉल. कोकणातल्या आंबा बागायतदारांना ते चांगलं ठाऊक आहे, फळमाशीच्या ‘रक्षक’ सापळ्यात नरमाशीला ओढायला तेच वापरतात. २०२३ च्याच आढाव्यात ते आयसोयुजेनॉलच्याही वर, ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २ए गटात गेलं आहे. ते सापळ्यातच राहू द्या.