सी, जावा, अर्लँग की गो: सुट्टीत कोणती शिकावी?

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची सुट्टी लागली की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, कुठली प्रोग्रामिंग लँग्वेज शिकू? उत्तर बहुतेक वेळा पुण्यातल्या पॅकेजवरून दिलं जातं. माझं म्हणणं असं, की ती भाषा कोणत्या कंपनीत, कोणत्या अडचणीपायी तयार झाली ते आधी बघा. ती कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नाही, हे तिथेच ठरलेलं असतं.

सीपासून सुरुवात करू. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेनं मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं आणि तिथल्या केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या मशीनवर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. सोबत बी नावाची भाषा केली. तिच्यात डेटाचे प्रकारच नव्हते. पुढे आलेल्या पीडीपी-११ मध्ये प्रत्येक बाइटला स्वतःचा पत्ता होता. अक्षराला एक बाइट, पूर्णांकाला दोन. बीला हे झेपेना. मग डेनिस रिची यांनी कॅर (अक्षर), इंट (पूर्णांक) हे प्रकार आणले आणि १९७२ च्या सुमारास सी उभी राहिली. पुढच्याच वर्षी युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. ज्यांना पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलची, धास्ती वाटते त्यांनी हे नक्की वाचावं. इंटच्या पॉइंटरमध्ये एक मिळवला की पत्ता एका बाइटनं नाही, एका अख्ख्या इंटएवढा पुढे सरकतो. त्या मशीननंच ही गरज निर्माण केली होती.

जावा निघाली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये, १९९१ साली. जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर घरातली उपकरणं होती, आणि प्रत्येकात चिप वेगळी. म्हणून प्रोग्रामचा आधी बाइटकोड, म्हणजे कुठल्याही एका चिपला न बांधलेलं मधलं रूप, करायचा आणि तो चालवणारं व्हर्च्युअल मशीन प्रत्येक उपकरणात ठेवायचं. उपकरणांचं गणित जमलं नाही. पण १९९५ मध्ये वेबसाठी हाच गुण कामाला आला. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली, तरी ओपनजेडीके, म्हणजे जावाचं सर्वांसाठी खुलं रूप, फुकट मिळतं.

अर्लँगबद्दल मला विशेष ओढा आहे. एरिक्सन या स्वीडनच्या टेलिफोन यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये १९८६ मध्ये जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांच्यापुढे टेलिफोन एक्स्चेंज होतं. एक कॉल बिघडला म्हणून बाकीचे तुटता कामा नयेत, आणि सॉफ्टवेअर बदलायला एक्स्चेंज बंद ठेवता येत नाही. म्हणून यात हजारो छोट्या प्रोसेस (एकमेकींपासून स्वतंत्र चालणारी कामं) असतात, एक पडली तर दुसरी तिला पुन्हा उभी करते, आणि चालत्या प्रोग्रामचा कोड बदलता येतो. १९९८ मध्ये एरिक्सनच्याच एका विभागानं नव्या उत्पादनांत ती वापरायला मनाई केली. त्याच वर्षी ती ओपन सोर्स झाली, म्हणजे तिचा कोड सर्वांना खुला झाला. पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर याच भाषेवर उभा राहिला.

गोची कथा थोडक्यात. २००७ मध्ये गूगलमध्ये सी प्लस प्लसचा एक अवाढव्य प्रोग्राम कंपाइल व्हायला, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरायला, पाऊण तास लागे. त्या त्रासातून रॉब पाइक, रॉबर्ट ग्रिसमर आणि पुन्हा केन थॉम्पसन एकत्र आले. २००९ मध्ये भाषा जाहीर झाली. कंपायलर झपाट्यानं चालतो, नियम मोजके आहेत, आणि नेटवर्कवरची कामं सोपी जातात.

आता निवड. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांकडे, मागाच्या कंट्रोलर बोर्डाकडे ओढा असेल तर सी. अशा बोर्डांवर मेमरी मोजकी असते, आणि मोजक्या मेमरीतच सी वाढली. पुण्यात बँक-विम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत नोकरी हवी असेल तर सरळ जावा. गो मी सीनंतर सुचवेन, आधी नाही. मेमरीचं काम ती स्वतःच उरकते, त्यामुळे आत काय चाललंय ते कळतच नाही. अर्लँगवर सोलापुरात नोकरी शोधत बसू नका, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मात्र जरूर घ्या.

काहीच ठरत नसेल तर मी सीच सांगेन. इंटचा एक अ‍ॅरे (एकाच प्रकारच्या घटकांची रांग) करा आणि प्रत्येक घटकाचा पत्ता स्क्रीनवर छापा. पीडीपी-११ वर इंट दोन बाइटचा होता, मग आजच्या मशीनवर लागोपाठच्या दोन पत्त्यांमधलं अंतर चार का येतं, हे कुणाला न विचारता शोधून काढा, मगच पुढचा धडा उघडा.