याला की विल्पट्टू?

श्रीलंकेत बिबट्या बघायला जायचं ठरलं की गाडी शेवटी या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या नावांवर येऊन अडते. (आमच्या घरी 'याला की त्याला' हा विनोद महिनाभर चालला. इथे एकदाच करतो आणि थांबतो.) मी दोन्हीकडे जाऊन आलोय, दोन वेगळ्या वर्षी. तेव्हा पुढचं सगळं एका माणसाच्या अनुभवावर आहे, एवढं लक्षात असू द्या.

बिबट्यासाठी श्रीलंका कशाला, हे मलाही घरी ऐकावं लागलं. जुन्नरच्या उसात आहे की, बोरिवलीच्या मागे आहे की! खरंय. पण आपला बिबट्या अंधारात वावरणारा, आणि ताडोबात तर वाघाची वाट टाळून चालणारा. श्रीलंकेत वाघ नाही, सिंह नाही, रानकुत्री नाहीत, तरसही नाही. जंगलातला सगळ्यांत मोठा शिकारी तोच, आणि ती उपजात फक्त त्या बेटावरची. त्यामुळे घरमालक सकाळी अंगणात दात घासत फिरावा, तसा तो रस्त्याच्या मधून चालतो. हे एकदा बघाच.

आता याला. आग्नेय किनाऱ्यावर, मुक्काम तिस्समहारामाला. खुरटी काटेरी झाडी, मोकळी मैदानं, मधूनच हत्तीच्या पाठीसारखे कातळ आणि एका बाजूला चक्क समुद्र. नजर लांब जाते, त्यामुळे प्राणी दिसतात. यात वादच नाही. एका संध्याकाळी मला दोन बिबटे दिसले. शिवाय हत्ती, मगरी, रानम्हशी. बहुतेक नर हत्तींना तिथे सुळेच नसतात, त्यामुळे पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला हत्तीण म्हणत होतो.

मग बिघडलं कुठे? ड्रायव्हरच्या फोनवर.

याला एकूण ९७९ चौरस किलोमीटर असलं, तरी बहुतेक पर्यटक त्यातल्या 'ब्लॉक १' नावाच्या भागातच शिरतात आणि तो जेमतेम १४० चौरस किलोमीटरचा. सगळ्या जीपवाल्यांकडे एकमेकांचे नंबर. आम्ही रस्त्याकडेला रानकोंबडा बघत होतो. आपल्या सह्याद्रीतला राखी; हा नारिंगी-तांबडा, आणि लाल तुऱ्याच्या मधोमध कुणी हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा पट्टा. श्रीलंकेचा राष्ट्रीय पक्षी, जगात दुसरीकडे कुठेही रानात सापडत नाही. तो पाचोळा उकरत आमच्या चाकापर्यंत आला होता. मी दुर्बीण खाली ठेवली, इतका जवळ. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन वाजला. 'हरी, हरी,' म्हणाला. सिंहलीत ते नुसतं 'बरं, बरं' असतं, पण त्या क्षणी मलाही हरीच आठवला. जीप गर्रकन वळली, कोंबडा झुडपात, आम्ही धुळीत. पोचलो तिथे आधीच रांग. मी जीप मोजायला घेतल्या, अठ्ठावीसवर सोडून दिल्या. झाडाच्या बेचक्यातून एक शेपूट लोंबत होती. मागचा हॉर्न देतोय, पुढचा फोटो होईस्तोवर हलत नाही. आपल्या चौकात तरी सिग्नल असतो.

दिवसभरात असं चार वेळा झालं. ड्रायव्हरचा दोष म्हणवत नाही. बिबट्या दाखवला नाही तर पाहुणे तोंड पाडतात, हे तो रोज बघतो. पण समोर जे आहे ते सोडून कुणीतरी कळवलेल्या शेपटीमागे धावायचं, हे मला काही झेपलं नाही.

विल्पट्टू वायव्येला, अनुराधापुराच्या बाजूला. देशातलं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान, सुमारे १३१७ चौरस किलोमीटर. यादवीच्या काळात १९८८ पासून २००३ पर्यंत बंद होतं, पुढे पुन्हा बंद पडलं आणि २०१० मध्ये उघडलं. तिथलं वैशिष्ट्य म्हणजे 'विल्लू': पावसाच्या पाण्याने भरणारी उथळ नैसर्गिक तळी, भोवती गवताची कड. दोन विल्लूंच्या मध्ये मात्र दाट जंगल, आणि त्यात तास-तासभर काही म्हणजे काही दिसत नाही. लहान मुलं कंटाळतील, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मोबाईलला आत शिरल्यापासून रेंज नव्हती. ड्रायव्हरचाही फोन गप्प. तो ठसे बघत होता, माकडांच्या ओरडण्याकडे कान लावत होता, मध्येच इंजिन बंद करून नुसता बसत होता. दोन सफारींत एकच बिबट्या दिसला. तांबूस वाळूच्या रस्त्यावर मादी आमच्यापुढे चालत होती, आम्ही मागे, पायी चालण्याच्या वेगाने. एका वळणावर बसली, पंजा चाटला, उठली. आमच्याखेरीज एकच जीप, तीही लांब थांबलेली. पाण्याकाठचा कुंबुक म्हणजे आपला अर्जुन, हेही तिथेच कळलं. यालात झाडाचं नाव विचारायला उसंतच मिळाली नव्हती.

हातात एकच सफारी असेल, किंवा बिबट्या नाही दिसला तर घरात बोलणी बसणार असतील, तर यालाला जा. तिथे दिसण्याची शक्यता जास्त वाटते. मात्र सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य टाळा, बहुतेक वर्षी कोरडेपणामुळे ब्लॉक १ बंद ठेवतात. दक्षिणेचे किनारे करणार असाल, तरी तेच सोयीचं. विल्पट्टूला निदान दोन सफारी द्याव्या लागतात, तेवढी सवड असली तर मी तिकडे वळेन. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला असल्याने शहरात न शिरता पुत्तलमच्या रस्त्याला लागता येतं, हाही एक फायदा.

बायकोचं मत अजूनही यालालाच आहे. तिचे फोटो तिकडचे चांगले आलेत आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी पुढचा बेत जूनचा, विल्पट्टूचा ठरलाय. तेव्हा तिकडे 'पलू' पिकतो, म्हणजे आपली खिरणी, आणि ती खायला अस्वलं झाडावर चढतात. तिला अस्वल बघायचंय.