जुनं ‘स्टार ट्रेक’ की नवं? भाच्याला दिलेलं लांबलेलं उत्तर

सुट्टीला नाशकात आलेल्या भाच्यानं परवा विचारलं, “मामा, स्टार ट्रेक बघायचंय. जुनं बघवतं का, की सरळ नव्यापासून सुरू करू?” एका वाक्यात सांगता येईना, म्हणून हे लिहितोय.

आधी माझा पक्षपात कबूल करतो. जुनी मालिका, म्हणजे अंतराळजहाजावरच्या मंडळींची ती अमेरिकन मालिका, मी पंचवटीतल्या वाड्यात, शेजाऱ्यांच्या कृष्णधवल टीव्हीवर पाहिली. दूरदर्शन ती रविवारी सकाळी दाखवायचं. जहाजावरचा कुणी लाल सदरेवाला परग्रहावर उतरला की त्याचे दिवस भरले, हा जगभरातला विनोद आम्हाला कळणं शक्यच नव्हतं. आमच्यासाठी सगळेच राखाडी.

जुनी मालिका 1966 ते 1969 मधली. तीन सीझन, 79 भाग, प्रत्येक भाग साधारण 50 मिनिटांचा. त्याच पात्रांचे, नव्या नटांचे सिनेमे तीन: 2009, 2013 आणि 2016. म्हणजे वेळेचा हिशेब केला तर नवं दोन-तीन संध्याकाळींत उरकतं. दिसायलाही नवंच देखणं. जुन्यात परग्रहावरचे खडक हलके असल्याचं लांबून कळतं.

पण ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा एक भाग बघ. दोन जहाजं, त्यातलं एक अदृश्य होणारं, आणि दोन कप्तान एकमेकांची पुढची चाल ओळखायच्या प्रयत्नात. बहुतेक सगळं दोन खोल्यांत घडतं. शत्रू रोम्युलन दिसायला स्पॉकसारखे, म्हणजे आपल्या जहाजावरच्या टोकदार कानांच्या परग्रहवासी अधिकाऱ्यासारखे निघतात आणि लगेच आपल्याच जहाजावरचा एकजण स्पॉककडे संशयानं बघू लागतो. भागाची सुरुवात एका लग्नानं होते, ते अर्धवट राहतं, आणि शेवटी आपल्याकडचा जो एकच जण मरतो तो नवरामुलगा असतो. शत्रूचा कप्तानही तुला आवडायला लागतो, हे वेगळंच.

2009 चा सिनेमा याच्या शेजारी ठेवला तर वेग भरपूर, नटांची निवडही झकास. कार्ल अर्बनचा मॅकॉय, म्हणजे जहाजावरचा डॉक्टर, तर थेट जुन्यातून उचलून आणल्यासारखा. पण जुन्यातला कप्तान कर्क इथे अजून विद्यार्थी, परीक्षेतल्या लबाडीची चौकशी चालू असलेला, आणि सिनेमा संपेपर्यंत जहाजाचा कॅप्टन होतो. प्रोबेशनवरच्या तलाठ्याला एकदम जिल्हाधिकारी करावं तसं. स्पॉकचा अख्खा ग्रह नष्ट होतो आणि त्या दुःखाला पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, पुढची धावपळ सुरू. नुसती तर्री, मटकी शोधत बसा.

माझा खरा राग 2013 च्या ‘इन्टू डार्कनेस’वर आहे. खलनायक खान हा 1967 च्या ‘स्पेस सीड’ भागातला. पूर्ण नाव खान नूनियन सिंग! तो उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असा अंदाज त्या भागात बांधलाय. काम केलं मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबाननं. हे आडनावांचं कडबोळं आपल्याला हसू आणतं, पण माणूस जबरदस्त. जुन्याच नटांच्या 1982 च्या ‘द रॅथ ऑफ खान’ या सिनेमात तो सूड घ्यायला परततो. समोर वाचायला चष्मा लागणारा, वय झालेला कर्क. शेवटी जहाज वाचवताना स्पॉक जातो. काचेच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला कर्क. या दोघांना प्रेक्षक तोवर पंधरा वर्षं ओळखत होते.

2013 मध्ये तोच प्रसंग उलटा केला. मरतो कर्क. पण दोघांची ओळख होऊन जेमतेम एक सिनेमा झालेला, आणि थोड्याच वेळात खानच्या रक्तानं तो उठून बसतो. 1982 च्या स्पॉकला परत यायला 1984 चा आख्खा पुढचा सिनेमा लागला होता. शिवाय या नव्यात खान पृथ्वीवरून थेट दुसऱ्या ग्रहमालेत अंतर्धान पावून पोचतो. मग जहाजं हवीत कशाला? बेनेडिक्ट कंबरबॅच गंभीर चेहऱ्यानं ‘माय नेम इज खान’ म्हणाला तेव्हा थेटरात हशा पिकला. शाहरुखचा सिनेमा तीनच वर्षांपूर्वीचा होता, लोकांचा काय दोष.

2016 चा ‘बियाँड’ मात्र मला आवडला. त्यात जखमी स्पॉक आणि मॅकॉय एकत्र अडकून भांडतात, ते बघताना जुना वाडा आठवला.

जुन्याचंही सगळं सोनं नाही. तिसरा सीझन बराचसा गळाठलेला. ‘स्पॉक्स ब्रेन’मध्ये स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो, तो भाग चार मित्र जमवून हसायलाच बघावा. बायकांच्या वाट्याला आलेली कामं आज खटकतात.

तर भाच्या, तुझ्याकडे एकच संध्याकाळ असेल आणि सोबतीला मित्र असतील तर 2009 चा लाव, मजा येईल. चार संध्याकाळी असतील तर ‘बॅलन्स ऑफ टेरर’, मग जुन्या मालिकेतलाच ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, मग ‘स्पेस सीड’ आणि ‘द रॅथ ऑफ खान’, याच क्रमानं. ‘इन्टू डार्कनेस’ त्यानंतरच, आणि तोही मी घरात नसताना.