टिळकवाडीतलं रिपेअरीचं दुकान, माझा २००९चा सीपीयू आणि ६.८ कर्नल

खानापुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. मराठी-कन्नड दोन्ही अर्ज एकाच मशीनवर होतात. मशीन २००९चं: कोअर टू ड्युओ, जी४१ बोर्ड, ४ जीबी रॅम, मागाहून बसवलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड, आणि लिनक्स मिंट २१ ही ऑपरेटिंग सिस्टीम. जूनमध्ये एका रात्री अपडेट मॅनेजरमधून कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलला: ५.१५च्या जागी ६.८ टाकला. सकाळी काळ्या पडद्यावर शेवटची ओळ: ‘कर्नल पॅनिक... अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’. पासवर्ड विचारायच्याही आधीच सगळं बंद.

जवळच एकाला दाखवलं. त्याने झाकणही न उघडता सांगितलं, हार्डडिस्क गेली, आता नवीनच घ्या. शाळांचे दाखले, उत्पन्नाचे अर्ज भरायचे ऐन दिवस, माझे हातपायच गळाले. भर पावसात सीपीयू खताच्या पिशवीत गुंडाळला आणि बेळगावची बस धरली.

टिळकवाडीतल्या दुकानदारांनी आधी पडद्यावरची ओळ शेवटपर्यंत वाचली. मग मशीन बंद केलं, शिफ्ट दाबून धरत पुन्हा चालू केलं, यादीतून जुना ५.१५ निवडला. पासवर्डचा रकाना आला! "वैनी, डिस्क चांगली हाय की. टाका तुमचा पासवर्ड," म्हणाले आणि मी टाकेपर्यंत पाठ फिरवून उभे राहिले. माझ्याकडे लोकांच्या आधार आणि रेशनकार्डाच्या प्रती असतात, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, पासवर्डशिवाय काही वाचताच येत नाही. ते पाठ फिरवणं मी विसरणार नाही.

दुखणं त्या एन्क्रिप्शनच्याच बाजूला निघालं. अशा डिस्कवर बूटचं पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा कप्पा, वेगळं आणि लहान असतं. त्यात जुने पाच कर्नल साठून ते १००% भरलं होतं. नवा कर्नल उतरला, पण डिस्क उघडायला त्याला सुरुवातीलाच लागणारी इनिटरॅमएफएस फाइल बनायला जागाच उरली नाही. "घरात शिरायची किल्ली त्या फायलीत असते. किल्लीच नाही, तर कर्नल दारातच पडणार." जुने चार कर्नल काढले, एक राखीव ठेवला, ती फाइल नव्याने बनवली, ग्रब (सुरुवातीला कर्नलची यादी दाखवणारा प्रोग्रॅम) अपडेट केलं. ६.८ चालू झाला.

मला वाटलं संपलं. पण मिनिटभरात पडद्यावर रंगीत पट्टे उमटले आणि माउस थिजला. त्यांनी ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडलं, म्हणजे कार्डाचा ड्रायव्हर बाजूला ठेवून साधंच चित्र दाखव. चित्र जाडंभरडं झालं, पण अर्धा तास काही हललं नाही. म्हणजे संशय कार्डावर. त्या पिढीच्या कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर २०१९ नंतर पुढे गेलेलाच नाही. मग त्यांनी कार्ड सरळ उपसलं आणि मॉनिटरची केबल बोर्डाच्याच व्हीजीए पोर्टला लावली. जी४१च्या आतल्या ग्राफिक्सला ६.८ व्यवस्थित ओळखतो. टायपिंगला कार्ड लागत नव्हतंच. स्लॉटमधली धूळ ब्रशने काढली, कार्ड पेपरात गुंडाळून हातात दिलं.

एवढं करूनही म्हणाले, पुन्हा काही अडलं तर ५.१५वर जावा, त्याला एप्रिल २०२७पर्यंत अपडेट मिळतात, नव्यासाठी हट्ट नको. माल खपवायचा असता तर हे सांगितलं नसतं.

साडेतीनशे रुपये घेतले. पावती मागितल्यावर मिळाली, तीही हाताने लिहिलेली. बसायला एकच स्टूल, आणि मला तीन तास लागले. दुपारी कॉलेजच्या पोरांची गर्दी होते, सकाळी उघडल्या उघडल्या गाठा. मॉनिटर-कीबोर्ड न्यायची गरज नाही, सीपीयू आणि पासवर्ड एवढं पुरे.