फोटोत ४ फूट, जमिनीत २२ इंच

घराच्या मागे १० बाय १२ ची एक खोली वाढवायची होती, बस एवढंच काम. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आलेला, बोलायला गोड, आणि पायाच्या बाबतीत मी अगदी ढ. जिथे जमीन गोठते अशा ठिकाणी राहणारे बरेच जण अशी छोटी खोली काढतात आणि सगळं डोकं खिडक्या नि फरशीत घालतात, मी पण तेच केलं, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे जमीन साधारण ४ फुटांपर्यंत गोठते, त्या पातळीला फ्रॉस्ट लाइन म्हणतात, फुटिंग, म्हणजे पायाचा सगळ्यात खालचा काँक्रीटचा भाग, तिच्या खाली जायला हवं. करारात तसं लिहिलेलं होतं. तरी खणायच्या दिवशी हा म्हणतो, "अहो हलकी तर खोली आहे, वर मजला नाही, हिला कशाला एवढा खोल पाया, पण तुम्ही म्हणताय तर करतो." खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं! आता कळतंय की गणित उलटं आहे. पाणी गोठलं की फुगतं पण ते साधारण ९ टक्केच, खरी भानगड अशी की गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतलं पाणी वर ओढत राहतो, दिव्याची वात तेल ओढते ना तसं, आणि बर्फाचे थरावर थर साठत जाऊन वरचं सगळं उचलायला लागतात. बारीक गाळाची माती असेल तर जास्तच, खडीत हे सहसा होत नाही. आणि अशा वेळी खोली जितकी हलकी तितकी ती आरामात उचलली जाते.

मी ऑफिसात असताना फोटो आला. चरात टेप सोडलेली, आकडा ४८ इंच. मी खूश, दुसरा हप्ता लगेच पाठवला, संध्याकाळी घरी येतोय तर काँक्रीट ओतून वर माती पण ओढून झालेली. परमिटच्या ऑफिसचा इन्स्पेक्टर येऊन बघून गेला म्हणाला. मी एक फोन करून विचारायला हवं होतं, नाही केला.

जानेवारीत दार अडकायला लागलं, जुन्या भिंतीच्या जोडावर करंगळीचं नख जाईल एवढी भेग. त्याचं उत्तर तयारच होतं, नवीन बांधकाम आहे, बसतंय. एप्रिल संपता संपता भेग आपोआप बारीक झाली आणि मी पण गप्प बसलो, आणि पुढच्या हिवाळ्यात आधीपेक्षा मोठी. बसलेलं बांधकाम दर वसंतात परत जागेवर येत नाही हो, थंडीत उघडून उन्हाळ्यात मिटणारी भेग दिसली की पहिला संशय पायावर घ्या.

शेवटी बर्फ वितळल्यावर मीच फुटिंगच्या कडेला खड्डा खणला. २२ इंचांवर फुटिंगचा तळ, खाली ओली माती. परत तो फोटो मोठा करून बघितला तर टेपचं वरचं टोक जमिनीला नव्हतंच, चराच्या कडेला टाकलेल्या मातीच्या ढिगावर धरलेलं! परमिटच्या ऑफिसात विचारलं तर इन्स्पेक्शन कोणी मागितलंच नव्हतं.

ह्यावर साहेब म्हणे आपण उथळ पायाची पद्धत वापरलीये. अशी पद्धत खरंच आहे, चांगली आहे, पण त्यात पायाच्या बाजूने उभे आणि बाहेरच्या दिशेने आडवे फोमचे जाड बोर्ड घालतात म्हणजे घराची ऊब मातीत टिकते, आणि त्याचा साधा हिशोब खोली गरम ठेवणार असं धरूनच असतो. आमच्या बिलात बोर्ड होते, जमिनीत एक पण नाही. त्यात भर म्हणजे छताच्या पन्हळीचा पाइप बरोबर भेगेच्याच कोपऱ्यात सोडलेला, मातीला आयतं पाणी.

दुरुस्तीला दुसऱ्याच माणसाने स्क्रूसारखे लोखंडी पाइल, म्हणजे जमिनीत जाणारे खांब, फ्रॉस्ट लाइनच्या खाली फिरवून फुटिंगला ब्रॅकेटने जोडले, पाइपचं पाणी लांब काढलं. ह्यावेळी टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि इन्स्पेक्टरला फोन पण मीच केला, भराव दोन दिवस थांबवला तेव्हा तो माणूस वैतागला जरा, वैतागू दे. पहिल्याकडून अजून एक पैसा परत आलेला नाही, वाद चालू आहे.

दार आता लागतं. भेग मुद्दाम बुजवलेली नाही, तिच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून तारीख लिहून ठेवलीये, जानेवारीत परत मोजणार.