जुन्या बुलेटचा सायलेन्सर बदलताना अशी फसवणूक होते

पुण्यात जुन्या बुलेट आणि जावा सांभाळणाऱ्यांपैकी अनेकांना गेल्या काही काळात ‘आवाज सुधारून देतो’ म्हणून लुटलं गेलंय. पद्धत सगळीकडे जवळपास सारखीच आहे. इथे एका कास्ट आयर्न (बिडाचा सिलिंडर असलेल्या जुन्या) बुलेट 350 चं प्रकरण घेतलंय. ती गाडी खोलून पाहिली, तेव्हा फसवणुकीचा एकेक पदर उलगडत गेला.

मालकाला हवा होता जुना, भारदस्त डुगडुग ठोका. पेठेतल्या एका दुकानदाराने ‘एसएस 304 (स्टेनलेस स्टीलचा एक चांगला ग्रेड), 18 गेज (पत्र्याच्या जाडीचं माप), हातबनावटीचा’ म्हणून लांब बाटलीचा सायलेन्सर दाखवला, तिथल्या तिथे बसवला आणि गाडी चालू करून ऐकवली. आवाज खरोखर सुंदर होता. मालक खूश. जुना सायलेन्सर ‘भंगारच आहे, ठेवून जा, पाचशे कमी करतो’ म्हणून दुकानातच राहिला. बिल साध्या कागदावर, त्यावर फक्त ‘सायलेन्सर 1 नग’.

तो आवाज सायलेन्सरचा नव्हताच. बसवताना कारागिराने दोन गोष्टींना हात लावला होता: कार्बचा (कार्ब्युरेटरचा) स्लो स्क्रू खाली केला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन आणखी हळू फिरेल असं केलं, आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगला ठिणगी देणारा भाग) किंचित फिरवून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतलं. टायमिंग मागे असलं की चार्ज (पेट्रोल-हवेचं मिश्रण) उशिरा पेटतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही तो जळतच असतो आणि ठोका खोल, जड ऐकू येतो. त्याची किंमत मात्र इंजिन मोजतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि हेड तापतं, बेंड पाइप (हेडपासून सायलेन्सरपर्यंतची नळी) निळा पडतो, चढावर ओढ राहत नाही. स्लो फार खाली गेला तर आणखी वाईट. बुलेटचा ऑइल पंप क्रँकवरूनच फिरतो, त्यामुळे आरपीएम पडले की तेलही कमी जातं आणि बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथल्या) फ्लोटिंग बुशला ते सोसत नाही. हे ओळखायची खूण हँडलच्या नॅसेलमध्येच (हेडलाइटच्या खोक्यात) असते. अँपमीटरचा काटा प्रत्येक ठोक्याला डावीकडे झुकून थरथरत असेल, तर स्लो खाली केलाय असं समजा.

म्हणून गाडी दुकानात देण्याआधी डिस्ट्रिब्युटरवरून, त्याच्या क्लॅम्पवरून इंजिनच्या केसिंगपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली, तर टायमिंगला हात लागलाय. या इंजिनाचं टायमिंग पूर्ण रिटार्ड (सगळ्यात मागे घेतलेल्या) स्थितीत टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या बिंदूच्या) 0.8 मिमी आधी आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची गॅप सुमारे 0.38 मिमी असते. आवाजाची तुलना करायची तर एकाच स्लोवर, एकाच टायमिंगवर, इंजिन गरम असताना करा. आधी जुना सायलेन्सर लावून, मग नवा.

पुढचा खोटेपणा धातूचा. दुकानदाराने चुंबक लावून दाखवलं, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे 304.’ चुंबक 202 या स्वस्त ग्रेडलाही चिकटत नाही. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, वेल्डिंगच्या कडेला ते लवकर गंजतं, आणि स्वस्त ‘एसएस’ सायलेन्सर बहुतेक त्याचेच असतात. उलट अस्सल 304 ला वाकवलेल्या जागी चुंबक थोडं ओढतं, तेवढ्यावरून माल खोटा ठरवू नका. स्टेनलेसचे भंगार व्यापारी 9 व्होल्टची बॅटरी आणि टेस्टिंग लिक्विड वापरतात. थेंब लाल झाला की 200 सिरीज. पत्र्याची जाडी तोंडाशी व्हर्नियरने मोजा. 18 गेज म्हणजे 1.2 मिमी. या सायलेन्सरचा पत्रा निघाला 0.7, म्हणजे 22 गेज. वजन ताणकाट्यावर जुन्याशी ताडून पाहिलं असतं, तर हे दुकानातच कळलं असतं.

आतला माल मात्र रस्त्यावरच कळला. घाट चढून आल्यावर सायलेन्सरच्या शेपटीतून करडे, ठिसूळ पुंजके उडून नंबर प्लेटला चिकटलेले होते. कापून पाहिलं तर आत सरळ जाळीची नळी, बॅफल (आवाज अडवणारा आतला पडदा) एकही नाही, आणि तिच्याभोवती छताच्या इन्सुलेशनचं ग्लासवूल. त्यातला चिकटद्रव्याचा अंश उष्णतेने जळतो, धागे सुटतात आणि धुरासोबत बाहेर पडतात. मग उरतो तो पोकळ डबा, आणि आवाज भारदस्त न राहता फाटतो. सायलेन्सर घेताना मागून टॉर्च मारा. आरपार उजेड दिसला, तर विक्रेत्याला पॅकिंग कशाचं आहे आणि ते बदलायला शेपूट खोलता येते का, हे विचारा. शेपूट वेल्ड केलेली असेल, तर घेऊ नका.

मोकळ्या सायलेन्सरसोबत कार्बचं जेटिंगही (पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचं माप) बघावं लागतं, आणि ते कोणी सांगत नाही. मेन जेट एक नंबर वाढवा, थ्रॉटल पूर्ण उघडून थोडं अंतर धावून क्लच दाबून इंजिन बंद करा, प्लग काढा. चॉकलेटी रंग ठीक, पांढरा असेल तर मिश्रण अजून पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आहे. उतारावर फटफट आवाज येत असेल, तर जेटच्या आधी जोड बघा. बुलेटचा बेंड पाइप हेडमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. सायलेन्सरचं ब्रॅकेट चार-पाच मिमी जरी चुकलं, तरी नट आवळताना पाइप हेडमधून ओढला जातो आणि तिथून हवा शिरते.

जावा-येझदीवाल्यांनी तर बॅफल काढायचाच नाही. टू-स्ट्रोकची ओढ एक्झॉस्टमध्ये परत येणाऱ्या लाटेवर अवलंबून असते, बॅफल गेला की खालची ओढ गेली. आवाज दबला असेल तर बॅफल बाहेर काढून कार्बन साफ करा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

या सगळ्यात सर्वांत मोठं नुकसान त्या ‘भंगार’ सायलेन्सरचं. कंपनीचा मूळ सायलेन्सर, गंजलेला असला तरी, आत बॅफल शाबूत असेल तर दुरुस्त होतो. पत्रा लावून, निकेल-क्रोम करून तो पुन्हा उभा राहतो. नव्याच्या दुप्पट किमतीलाही तसा मिळत नाही, आणि दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात लोक तेच शोधत फिरतात. जुना सायलेन्सर कुठल्याही परिस्थितीत घरी आणा.

आवाज कर्कश असेल तर पोलिसांचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुण्यात जप्त सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेही गेले आहेत. गाडी जुनी आहे म्हणून सूट नाही.

पैसे यूपीआयनेच द्या. पक्क्या बिलावर धातूचा ग्रेड, पत्र्याची जाडी, आतली रचना आणि ‘जुना सायलेन्सर ग्राहकास परत’ एवढं लिहून घ्या. फसवणूक झाली असेल तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे तड लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. कापलेला सायलेन्सर, उडालेलं वूल आणि व्हर्नियरच्या मापाचा फोटो तोवर जपून ठेवा.