एअर रायफलचा हातपंप : नऊ महिने आणि एक रिंग

पोरीसाठी दहा मीटर नेमबाजीची एअर रायफल सेकंडहँड घेतली, पण तिच्या सिलिंडरात हवा भरायला नागपूर गाठावं लागे. आमचं गाव हिंगणघाटच्या अलीकडं-पलीकडं. एका सिलिंडरपायी दिवस मोडायचा, आणि ती रोज साठ गोळ्या मारते. म्हणून ऑक्टोबरात सोयाबीनचे पैसे आल्या आल्या नऊ हजारांचा हातपंप मागवला. तीन टप्पे, ३०० बारपर्यंत हवेचा दाब, घडीचे पाय. सगळ्यांचं तेच असते, त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचं आहे रिंगबद्दल. पिस्टनच्या टोकाला असते, शर्टाच्या गुंडीएवढी काळी. एप्रिलपर्यंत तिचं नावही माहीत नव्हतं. सिलिंडर १०० बारवरून २०० वर न्यायला दांड्याचे शंभर-सव्वाशे हात लागत. पोरगी चाळीस किलोची, १५० च्या पुढं दांडा तिला दाद देत नाही, म्हणजे शेवटचे हात बापाचे. विकणारा हे सांगत नाही.

मग एका सकाळी काटा १६० वर बसला तो बसलाच. विकणाऱ्याला फोन केला. "बाहेरचं तेल टाकलं असेल, वॉरंटी नाही. रिंगांचा संच साडेआठशे, कुरिअर वेगळं." साडेआठशे! रबराचे! मी रागात पंपाला पाचपैकी एक तारा देऊन टाकला आणि मोटर बांधणाऱ्याकडून पाण्याच्या पंपाची दहा रुपयांची रिंग आणली. दोन दिवसांत तिच्या चिंध्या. पाण्याच्या पंपाची रिंग मऊ असते. इथं ९० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) कडक पाहिजे. ती वर्ध्याच्या ऑइल सीलवाल्याकडं पंचवीस रुपयांत मिळाली.

आता तो एक तारा अर्धा मागे घेतो. पंप उघडला तर आत शिलाई मशीनचं तेल, मीच टाकलेलं. पुस्तिकेत साफ लिहिलं होतं, फक्त सिलिकॉन ग्रीस. साधं तेल एवढ्या दाबानं तापलं की डिझेल इंजिनासारखा भडका घेऊ शकते. शिवाय पन्नास हात मारून पंप थंड होऊ द्यायचा असतो. मी एप्रिलच्या उन्हात टिनाखाली शंभर हात एका दमात मारायचो. रिंग मीच भाजली. तरी साडेआठशे मागणं ही लूटच.

पावसाळ्यात वेगळं दुखणं. उरलेली हवा सोडायचा स्क्रू सैल केला की पांढरं धुकं बाहेर येते, फिल्टरमधला बोळा ओला. तो ओलावा सिलिंडरमध्ये जायला नको. कापसाच्या मुलखात राहून बोळे विकत घ्यायचे? घरचा सरकी काढलेला कापूस भरला. तंतू व्हॉल्व्हपर्यंत गेले, अर्धा दिवस सुईनं काढत बसलो. बोळे विकतच घ्या.

जुनी रायफल घेणाऱ्यांनी सिलिंडरवरची तारीखही पाहा. मुदत दहा वर्षांची असते. आमच्याचे दोनच उरले, हे घरी आल्यावर कळलं.

एका नेमबाजाला हा पंप पुरतो. घरात दोघं असतील तर घेऊ नका, खांदे जातील.

कडक रिंगा आता बायकोच्या जुन्या करंड्यात ठेवल्या आहेत. मऊवाली एक उरली होती. परवा शेजाऱ्याचा फवारणी पंप गळत होता, त्याला दिली. झकास बसली.